मोठ्या बाई मशीनमध्ये बसल्या

वॉशिंग मशीन विकताना दुकानदारानं त्याचे भरपूर गुण सांगितले होते. आवाज नाही, पाणी कमी, ड्रम स्टीलचा, वर्षानुवर्षं बघायला नको. त्या ड्रममध्ये कोंबडी अंडी उबवायला बसू शकते, हे मात्र तो बोलला नव्हता. मीही विचारलं नव्हतं. मशीन घेताना माणूस कोणकोणत्या शक्यता विचारात घेणार?

कोंबडी आमच्याकडे आली ती बक्षीस म्हणून. आमच्या थोरलीनं शाळेच्या मेळाव्यात रिंग फेकली, ती साबणाच्या वडीवर पडायची ती एका खोक्यावर पडली, आणि खोक्यात पिवळं पिल्लू निघालं. घरी पोचेपर्यंत टिकणार नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. ते टिकलं. आठवडाभर टिकणार नाही म्हणाले, आठवडाही टिकलं. बघता बघता त्याची भरल्या अंगाची, तपकिरी, मान झटकत चालणारी कोंबडी झाली. हात पाठीमागे बांधल्यासारखी ती घरभर फिरे आणि कुठल्याही दारात थांबून आत असा एक डोळा टाके की आतला माणूस आपोआप ताठ बसे. थोरलीच्या शाळेत मुख्याध्यापिकांना मुलं मोठ्या बाई म्हणतात. तेच नाव हिला पडलं आणि तेव्हापासून आम्ही घरातले सगळे कोंबडीला अहोजाहो करतो. नवऱ्याला एवढा मान अजून मिळालेला नाही.

थोरली म्हणजे फार थोर नव्हे, पाच वर्षांची. हे पद तिला धाकट्याच्या जन्मानं न विचारता मिळालं आणि तिला ते मुळीच आवडत नाही. पण तिच्याकडे मी नंतर येते. आधी सोसायटीकडे यायला हवं, कारण आमच्या इमारतीत सोसायटी ओलांडून कुणालाच कुठे जाता येत नाही.

मोठ्या बाईंच्या प्रश्नावर सोसायटीची सभा झाली होती. दुसऱ्या मजल्यावर कुत्रा चालतो तर कोंबडी का नको, इथपासून कोंबडी पहाटे आरवते का, इथपर्यंत चर्चा झाली. (आरवतो तो कोंबडा, हे सांगायला मला तीनदा उभं राहावं लागलं.) शेवटी सेक्रेटरींनी ठराव केला: सदर पक्षी मागच्या बाल्कनीत राहील, एकच राहील आणि त्यात वाढ होणार नाही. सेक्रेटरी आमच्या समोरच राहतात. खिशात मोजपट्टी बाळगतात. मनानं वाईट नाहीत, पण एकदा ठराव झाला की ते स्वतःचंही ऐकत नाहीत.

तर एके सकाळी मी धाकट्याचे कपडे मशीनमध्ये टाकायला गेले आणि मशीन मला चावलं.

मशीन मागच्या बाल्कनीतच असतं आणि त्याचं दार आम्ही उघडं ठेवतो, आत कुबट वास येऊ नये म्हणून. त्या उघड्या दारातून मोठ्या बाई आत जाऊन, आदल्या दिवशी मी फेकलेल्या धाकट्याच्या मोज्यांच्या गुंडाळ्यांवर, पिसं फुलवून बसल्या होत्या. डोळे अर्धवट मिटलेले. हात पुढे केला की घशातून असा काही आवाज काढत की वाटावं, आत जुनी मोटारसायकल चालू केलीय.

तळमजल्यावरच्या काकूंना बोलावलं. काकू गणिताच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत आणि लहानपणी त्यांच्या घरी कोंबड्या होत्या, असं त्या कुठल्याही विषयावर बोलताना सांगतात. त्या कमरेवर हात ठेवून ड्रममध्ये वाकल्या आणि म्हणाल्या, "अगं, खुडूक झालीय ही. अंडी उबवायला बसलीय."

"काकू, ते मोजे आहेत."

"तिला काय त्याचं? खुडूक कोंबडी दगडावरपण बसते. प्रश्न निघणार काय हा आहे."

काकूंच्या मते मार्ग दोन. एक, तिला गार पाण्याच्या टबात बसवून डोकं ठिकाणावर आणायचं. दोन, खरी अंडी आणून द्यायची. ठराव, मशीन आणि कपड्यांचा ढीग यांचा विचार करता मी मनातल्या मनात टब भरायला घेतलाच होता. तेवढ्यात दारामागून आवाज आला, "त्यांना बाळं हवीयत आणि तुम्ही त्यांना गार पाण्यात बुडवणार?"

आता थोरलीकडे येते. धाकटा आल्यापासून ती माझ्याशी भांडलेली नाही, रडलेली नाही, हट्ट केलेला नाही. लोक म्हणतात, किती समजूतदार. पण मला तिचा समजूतदारपणा बघवत नव्हता. झोपताना गोष्ट सांगू का विचारलं तर ती म्हणे, "असू दे, तू कामात आहेस." पाहुणे म्हणतात ना, चहा नको, तसं. गेल्या काही महिन्यांत मी तिला कोणता शब्द सगळ्यात जास्त वेळा म्हटला असेल तर तो "सरक". सरक, बाळाला घेते. सरक, बाळाचं दूध सांडेल. ती बिचारी सरकत सरकत पार मागच्या बाल्कनीत गेली होती आणि दिवसभरातलं सगळं मोठ्या बाईंना सांगत होती. मी कपडे वाळत घालताना कान देऊन ऐके. माझ्या वाट्याला आलेली तिची बातमी तेवढीच.

आणि आज तिनं मला सरळ प्रश्न विचारला होता. मी टब रिकामा केला. म्हणजे मनातल्या मनात.

"अंडी आणू या," मी म्हणाले.

"मग पिल्लं निघतील?"

"निघतील."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणून गेले. काकूंनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, त्या नजरेनं त्यांनी कित्येकांना नापास केलं असणार.

दुकानातली अंडी चालत नाहीत, त्यांत कोंबड्याचा हात नसतो. नवऱ्याच्या ऑफिसातल्या कॅशियरचं शहराबाहेर शेत आहे, तिथे कोंबडे आहेत. कॅशियरनं अंडी दिली, वर एक तासभर सूचना दिल्या. हलवू नका, गार होऊ देऊ नका, आपटू नका. नवरा अंडी जेवणाच्या डब्यात मफलरमध्ये गुंडाळून बसनं निघाला. डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून, प्रत्येक खड्ड्याला गुडघ्यात वाकत, तो अशा चेहऱ्यानं उभा होता की एका आजीबाईंनी उठून त्याला जागा दिली. तो बसलासुद्धा. घरी येऊन म्हणाला, "नऊ महिने तू हे कसं केलंस गं?" मी हे वाक्य जपून ठेवलंय, पुढे उपयोगी पडेल.

मशीनमध्ये अंडी ठेवायचा आमचा बेत मुळीच नव्हता. आम्ही बाल्कनीच्या कोपऱ्यात फळांचं खोकं ठेवलं, त्यात माझा गरोदरपणातला गाऊन अंथरला, त्यावर अंडी मांडली आणि मोठ्या बाईंना दोन्ही हातांनी उचलून त्यावर बसवलं. त्यांनी खोक्याची पाहणी केली, उतरल्या आणि चालत जाऊन मशीनमध्ये मोज्यांवर बसल्या. पुन्हा उचललं. पुन्हा गेल्या. नवऱ्यानं मशीनचं दार लावून टाकलं, तर त्या दारासमोर उभ्या राहून काचेतून मोज्यांकडे बघत राहिल्या, आणि इकडे अंडी गार व्हायला लागली. शेवटी गाऊनसकट अंडी उचलून ड्रममध्ये नेली आणि मोजे काढून घेतले. मोठ्या बाई आत शिरल्या, एकेक अंडं चोचीनं पोटाखाली ओढलं आणि डोळे मिटले. नवऱ्यानं मशीनची वायर भिंतीतून उपटली, बटणांवर चिकटपट्टी लावली.

"तीन आठवडे," तो म्हणाला.

मी कपड्यांच्या ढिगाकडे बघितलं. ढिगात वरच्या वर धाकट्याची दुपटी होती, आणि धाकटा त्या वेळीही माझ्या खांद्यावर नवीन भर घालत होता.

सुरुवातीचे दोन दिवस हातानं धुतले. तिसऱ्या दिवशी समोरच्या सेक्रेटरींच्या बायकोनं मला बादलीशी झटापट करताना पाहिलं आणि विचारलं, "मशीनला काय झालं?" आता काय सांगणार? पक्षी एकच असून त्यात वाढ होण्याच्या बेतात आहे? मी म्हणाले, "बिघडलंय."

आमच्या इमारतीत लोक मीठ उसनं मागायला आले तर तोंड वाकडं करतात. पण घरात तान्हं बाळ आणि मशीन बंद, हे कळल्यावर त्यांच्यात जे काही जागं झालं, ते मी आयुष्यात विसरणार नाही. संध्याकाळपर्यंत वार लावले गेले. सोमवारी काकू, मंगळवारी दुसरा मजला, बुधवारी सेक्रेटरी. आमचे कपडे जिन्यातून वरखाली प्रवास करू लागले. जे कपडे आजवर फक्त नवरा-बायकोच्या विश्वासावर टिकून होते, ते चारचौघांत वाळू लागले. नवऱ्याच्या बनियनला किती भोकं आहेत, यावर जिन्यात दोन मतं होती. दुसऱ्या मजल्यावरून त्याचा पांढरा शर्ट गुलाबी होऊन आला, आणि तो तसाच घालून ऑफिसला गेला तेव्हा कॅशियरनं विचारलं, "मुलगी झाली का?"

माझी मान खाली ती खालीच. त्यात सेक्रेटरींनी कहर केला. ते चादरी धुऊन, इस्त्री करून, कडा जुळवून घडी घालून स्वतः आणून देत. घडीची मापं मोजपट्टीनं घेतलेली असावीत. "संकोच करू नका वहिनी," ते म्हणत, "माणूस माणसाच्या उपयोगी नाही पडणार तर कधी?" मी चादरी घेत असे आणि मागे बाल्कनीत मोठ्या बाई त्यांचा ठराव मोडत बसलेल्या असत.

सल्ले तर विचारू नका. मशीन तिरकं झालं असेल. पाणी जड असेल. दुसऱ्या मजल्याचं म्हणणं, आत नाणं अडकलं असेल. "आवाज येतो का?" त्यांनी विचारलं.

"येतो," मी म्हणाले.

"कसा?"

"घरघर. हात घातला की जास्त."

एकदा सेक्रेटरी म्हणाले, "मी एकदा बटण दाबून बघतो, कधीकधी नुसतं दाबलं तरी चालतं," आणि चक्क बाल्कनीकडे निघाले.  वायर काढलेली होती, पण ते वायर लावणाऱ्यांपैकी आहेत. मी आडवी आले आणि काही न सुचून धाकट्याला त्यांच्या हातात दिलं. "जरा धरता का?" धाकट्यानं आपलं काम चोख केलं. सेक्रेटरी शर्ट बदलायला घरी गेले.

मधेच एका दुपारी आम्ही बाथरूममध्ये अंधार करून, दार लावून, मोबाईलच्या टॉर्चवर अंडी तपासली. मोठ्या बाई दिवसातून एकदा दाणे खायला उतरत तेवढाच वेळ हातात. थोरली माझ्या शेजारी उकिडवी. एक-दोन अंडी नुसतीच पिवळट दिसली, ती बाजूला ठेवली. पुढच्या अंड्यात लाल धाग्यांची जाळी होती, आणि जाळीच्या मधोमध एक ठिपका हलत होता.

थोरली आणखी पुढे वाकली. "मीपण अशी होते?"

"साधारण. माझ्याकडे फोटो आहे, डॉक्टरांनी काढलेला."

"बाळाचा नको. माझा."

"तुझाच."

फोटो कपाटाच्या तळाशी, कपड्यांच्या खाली सापडला. तिनं तो बराच वेळ बघितला, उलटा धरून. मग म्हणाली, "मी एकटीच होते ना आत? कुणी सरक म्हणालं नाही ना?" मी म्हटलं, नाही, कुणी नाही. तिनं फोटो नेऊन मोठ्या बाईंना दाखवला. पण त्या संध्याकाळी, घरी आल्यावर शाळेतलं सगळं आधी मला सांगितलं. मोठ्या बाईंना नंतर. मला वाटलं, आता पिल्लं निघायलाच हवीत. नाही निघाली तर ही पुन्हा "असू दे" म्हणायला लागेल आणि या वेळी तिचं बरोबर असेल.

इथपर्यंत सगळं आटोक्यात होतं. मग मशीन बिघडल्याचं सासऱ्यांना फोनवर कळलं.

सासरे दुसऱ्या गावी असतात. त्यांची सगळी नोकरी तक्रार विभागात गेली आणि तक्रार नोंदवल्याशिवाय जगात काही होत नाही अशी त्यांची खात्री आहे. "वॉरंटी आहे ना? मग सून हातानं का धुते?" असं म्हणून त्यांनी त्याच दिवशी, स्वतःच्या फोनवरून, कंपनीकडे तक्रार नोंदवली.

मी ग्राहक सेवा केंद्राला फोन केला. "तक्रार मागे घ्यायची आहे. मशीन चालू झालं."

"फारच आनंद झाला मॅडम," गोड आवाजाची मुलगी म्हणाली. "पण तक्रार आमचा मेकॅनिक मशीन बघूनच बंद करतो."

"पण बिघाडच नाहीये."

"बिघाड नाहीये हेसुद्धा तोच बघतो मॅडम."

मी दोनदा त्याला परत पाठवलं. एकदा बाळ झोपलंय म्हणून, एकदा बाळ उठलंय म्हणून. तिसऱ्यांदा गोड आवाज म्हणाला की तक्रार आता वरिष्ठांकडे गेली आहे.

इकडे दिवस भरले आणि काही घडलं नाही. सकाळी नाही, दुपारी नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नवऱ्यानं कॅलेंडरवर दिवस पुन्हा मोजले. काकू येऊन ड्रममध्ये बघून गेल्या आणि नुसतं "हं" म्हणाल्या. थोरली ड्रमसमोर पाट टाकून बसली होती, शाळेला गेली नव्हती आणि मी जा म्हटलंही नव्हतं. ती अधूनमधून माझ्याकडे बघे. विचारत काही नव्हती. 'नक्की' म्हणालेली मी, दारातून उगीच आतबाहेर करत होते.

आणि बेल वाजली. दारात मेकॅनिक होता, आणि त्याच्याबरोबर सेक्रेटरी. "खाली उभे होते, तुम्ही परत पाठवाल म्हणून वर यायला तयार नव्हते," ते अभिमानानं म्हणाले. "म्हटलं चला, मी आहे. आज निकाल लावूनच टाकू."

धाकटा माझ्या कडेवर होता, पण एक युक्ती दोनदा चालत नाही. ते दोघे बाल्कनीत पोचलेसुद्धा. थोरली मशीनच्या दाराला पाठ लावून, हात पसरून उभी राहिली.

"बाळा, सरक जरा," मेकॅनिक म्हणाला.

"नाही सरकणार," थोरली म्हणाली.

 तेवढ्यात मशीनमधून आवाज आला. बारीक, पण स्पष्ट. मेकॅनिकनं मान तिरकी करून ऐकलं. तो म्हणाला, "बेअरिंगचा नाही हा."

तो तिच्या डोक्यावरून आत वाकला. मोठ्या बाईंनी त्याला एका डोळ्यानं पाहिलं आणि मोटारसायकल चालू केली. मेकॅनिक उडी मारून थेट सेक्रेटरींच्या मागे गेला. "साहेब, मला पक्ष्यांची भीती वाटते," तो म्हणाला. "लहानपणापासून. कंपनीला माहीत नाही."

मग सेक्रेटरी वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मी वाट बघत होते. मोठ्या बाईंच्या छातीखालून एक ओलसर डोकं बाहेर आलं, सेक्रेटरींकडे बघितलं आणि आत गेलं.

"तीन आठवडे," सेक्रेटरी सावकाश उभे राहत म्हणाले, "मी तुमच्या चादरी धुतोय, वहिनी."

"हो."

"इस्त्री करून."

"कडा फार छान जुळवता तुम्ही," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्यांनी खिशातली मोजपट्टी चाचपली, परत ठेवली. "ठराव बाल्कनीचा आहे," ते शेवटी म्हणाले. "मशीनच्या आतल्या भागाबद्दल सभेत चर्चा झालेली नाही. पिल्लं फिरायला लागली की मात्र बोलावं लागेल."

"कॅशियरच्या शेतावर जाणार आहेत," मी घाईघाईनं म्हणाले.

"मग तोपर्यंत बुधवार चालू ठेवू," ते म्हणाले आणि पुन्हा वाकले.

राहिला मेकॅनिक. तो बाल्कनीच्या दारातूनच मोबाईलवर बिघाडाचा प्रकार शोधत होता. "यात कोंबडी नाहीये," तो म्हणाला. "'आत वस्तू अडकली' टाकतो. पण तक्रार बंद करायला ओटीपी लागेल. ज्यांनी नोंदवली त्यांच्या फोनवर जाईल."

सासऱ्यांना फोन लावला. "आकडे देतो," ते म्हणाले, "पण आधी सांग, बिघाड काय निघाला?"

मी सेक्रेटरींकडे बघितलं. सेक्रेटरी छताकडे बघू लागले. थोरलीनं माझ्या हातातून फोन घेतला. "आजोबा, बिघाड नव्हता. आत बाळं होती."

 मग सासऱ्यांनी, जन्मभर तक्रारी ऐकलेल्या माणसाच्या धीरानं, चार आकडे सांगितले.

तोवर पहिलं पिल्लू अर्धवट वाळून पिवळं दिसू लागलं होतं आणि गाऊनच्या बाहीवर उभं राहून डुलत होतं. दुसरं अंडं तडकत होतं, आणि मोठ्या बाईंचं सगळं लक्ष तिकडे. त्या नव्याला जागा करायला वळल्या, तशी पहिल्याला धक्का बसून ते कडेला घसरलं. थोरली गुडघ्यांवर बसली, ड्रममध्ये तोंड घातलं आणि हळू पण ठणकावून म्हणाली, "मोठ्या बाई, ही थोरली आहे. नवीन आलं म्हणून हिला सरकवायचं नाही. दोघं मावतात."

मोठ्या बाईंनी तिच्याकडे एक डोळा टाकला. मग पंख उचलला, आणि थोरली आत गेली. पिल्लू म्हणजे.

मी धाकट्याला सेक्रेटरींच्या हातात दिलं आणि बाल्कनीच्या ओल्या फरशीवर फतकल मारून बसले. आमच्या थोरलीनं मागे न बघताच अंदाज घेतला, मागे मागे सरकत आली आणि माझ्या मांडीत बसली. तिचं वजन किती वाढलंय, हे मला कळलंच नव्हतं.

"मग," मेकॅनिकनं दारातून विचारलं, बोट मोबाईलवर धरून, "तक्रार बंद करू ना?"

थोरलीनं थोडा विचार केला. ड्रममध्ये एकदा बघितलं, माझ्याकडे एकदा मान वळवून बघितलं.

"करा," ती म्हणाली.